शिजियाझुआंगचे तिकीट काढण्यापूर्वी

प्रश्न : आम्ही सोलापूरचे. मी निवृत्त शिक्षिका आहे, वय ६६. शाळेत असताना दर वर्षी मुलांना भैय्या चौकातील डॉ. कोटणीस स्मारक दाखवायला नेत असे आणि तेव्हापासून मनात आहे की, एकदा चीनमध्ये जाऊन त्यांच्या समाधीचे दर्शन घ्यावे. आता मी, माझे यजमान, दीर आणि जाऊबाई असे चौघे निघत आहोत. डॉक्टरांची जयंती १० ऑक्टोबरला असते, त्या दिवशी त्यांची समाधी असलेल्या शिजियाझुआंग शहरी पोहोचायचे आहे. त्याशिवाय बीजिंग, शीआन, ग्वीलिन आणि शांघाय पाहण्याची इच्छा आहे. एका प्रवासी संस्थेने चीनमधील चार अंतर्गत विमानप्रवासांचे चौघांचे मिळून सव्वा लाखाच्या घरात सांगितले. विमान कंपनीच्या इंग्रजी संकेतस्थळावर दर त्याहूनही जास्त दिसले. शांघायला नोकरी करणारा भाच्याचा मित्र मात्र म्हणतो की, तिथल्या ॲपवर हेच तिकीट ‘चारमध्ये’ मिळते. हे ‘चारमध्ये’ म्हणजे काय? आमची तिकिटे त्याने काढली तर चालतील का? आणि नेमकी केव्हा काढावीत?

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातील इच्छा मला फार मोलाची वाटली. ज्या माणसाने १९३८ साली वैद्यकीय पथकासोबत चीनला जाऊन युद्धातील जखमींची सेवा केली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच देह ठेवला, त्याच्या समाधीपर्यंत त्याच्या गावची माणसे आपल्या पैशाने जात आहेत. त्या पैशातील एक रुपयाही अकारण जाऊ नये, अशा भावनेने हे उत्तर लिहिते आहे.

तुम्ही तिकिटाचा दर विचारला आहे. मी आधी मार्गाबद्दल बोलणार आहे, कारण तुमच्या खर्चातील सर्वांत मोठी बचत एखाद्या ॲपमध्ये दडलेली नाही, ती नकाशात आहे. प्रवासी संस्थेने दिलेल्या चार विमानप्रवासांपैकी दोन मुळात लागतच नाहीत. बीजिंग आणि शिजियाझुआंग यांमध्ये वेगवान रेल्वेने सव्वा तास, फार तर दीड तास लागतो. बीजिंगहून शीआनला याच रेल्वेने साडेचार ते सहा तास लागतात. विमान दोन तासांत पोहोचते हे खरे, परंतु शहरातून विमानतळावर जाणे, दोन तास आधी पोहोचणे, उतरल्यावर सामानाची वाट पाहणे आणि पुन्हा शहरात येणे हे सगळे मिळवले, तर वेळेचा हिशेब जवळजवळ सारखाच होतो. शिवाय रेल्वेत सामान तोलून जादा पैसे घेण्यासाठी कोणी उभे नसते आणि पावसाळी ढगांमुळे गाडी तीन तास खोळंबत नाही. मी साधारण असा आडाखा धरते की, पाच तासांच्या आत गाडी पोहोचत असेल तर विमानाचा विचार करू नये आणि आठ तासांहून अधिक लागत असतील तर गाडीचा विचार करू नये. मधल्या अंतरात मात्र दोन्ही दर पाहावेत. बीजिंग-शांघाय हा १,३१८ किलोमीटरचा मार्ग २०११ साली सुरू झाला. त्यावरील सर्वांत वेगवान गाड्या साडेचार तासांच्या आत पोहोचतात, म्हणून तिथेही मी गाडीच सुचवते.

आता तुमच्या तारखांकडे पाहू, कारण दराच्या दृष्टीने खरी अडचण तिथे आहे. १ ऑक्टोबर हा चीनचा राष्ट्रीय दिन असून त्याला जोडून ७ तारखेपर्यंत, एखाद्या वर्षी ८ तारखेपर्यंत, साऱ्या देशाला सुट्टी असते. त्या आठवड्यात अवघा देश घराबाहेर पडतो, विमाने भरतात आणि सवलतीची भाडी जवळजवळ नाहीशी होतात. तुम्ही तीन-चार ऑक्टोबरला पोहोचून तिथल्या तिथे विमानाने फिरू लागलात, तर कोणतेही ॲप तुम्हाला स्वस्त तिकीट देऊ शकणार नाही. सुट्टी संपली की मात्र दर झपाट्याने उतरतात. प्रवासाला निघालेली माणसे घरी परतलेली असतात, कामे सुरू झालेली असतात आणि विमाने अर्धी रिकामी उडतात. तुमची १० तारीख नेमकी या उतारावर येते. हा योग तुम्ही जुळवून आणलेला नाही, पण तो तुमच्या फायद्याचा आहे आणि त्याचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा.

म्हणून माझी सूचना अशी की, तुमचा क्रम उलटा करावा. भारत आणि चीन यांच्यातील २०२० पासून बंद असलेली थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली असून कोलकाता-ग्वांगझू, दिल्ली-ग्वांगझू आणि दिल्ली-शांघाय या मार्गांवर थेट उड्डाणे झालेली आहेत. आंतरराष्ट्रीय तिकीट शांघायला जाण्याचे आणि ग्वांगझूहून परतण्याचे, असे एकाच आरक्षणात काढावे. आरक्षणाच्या पानावर ‘राउंड ट्रिप’च्या शेजारी ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय असतो, तो यासाठीच आहे. सुट्टी संपता संपता शांघायला उतरावे, एक-दोन दिवस विश्रांती घेऊन शहर पाहावे आणि ९ तारखेला शांघायहून थेट शिजियाझुआंगला विमानाने जावे. १० तारखेला सकाळी तुम्ही समाधीपाशी असाल. तिथून रेल्वेने बीजिंग, बीजिंगहून रेल्वेने शीआन, शीआनहून विमानाने ग्वीलिन आणि ग्वीलिनहून अडीच-तीन तासांच्या रेल्वेने ग्वांगझू. चाराऐवजी दोनच विमाने लागतील आणि आल्या वाटेने परत जाण्याचा एकही टप्पा राहणार नाही.

यातील शांघाय-शिजियाझुआंग हा टप्पा मी मुद्दाम विमानाचा ठेवला आहे. शिजियाझुआंगचे झेंगडिंग विमानतळ हे स्प्रिंग एअरलाइन्स या शांघायच्या स्वस्त विमान कंपनीचे एक प्रमुख ठाणे आहे. बीजिंगच्या विमानतळांवर उड्डाणांच्या वेळा मिळणे कठीण असल्याने ही कंपनी बीजिंगच्या प्रवाशांनाही झेंगडिंगला उतरवून रेल्वेने पुढे नेत आली आहे आणि त्यासाठी विमानतळाजवळ स्वतंत्र रेल्वे स्टेशनही आहे. म्हणजे तुम्हाला जे शहर श्रद्धेपोटी गाठायचे आहे, तेच स्वस्त विमानाचेही शहर आहे. प्रवासी संस्थेने ते आडवाटेचे ठिकाण म्हणून सांगितले असेल, तर तो गैरसमज समजावा.

मात्र स्वस्त कंपनीचे तिकीट स्वस्त पडतेच असे नाही, आणि इथे थोडा हिशेब करावा लागेल. समजा, स्प्रिंगचे भाडे ३५० युआन दिसले आणि चायना ईस्टर्नचे ४३०. तुमचा हात आपोआप ३५० कडे जाईल. परंतु स्प्रिंगच्या सर्वांत कमी भाड्यात विमानाच्या पोटात ठेवायची बॅग धरलेली नसते, हातसामानाची मर्यादाही कडक असते आणि खाणे विकत घ्यावे लागते. चायना ईस्टर्न, चायना सदर्न, एअर चायना, हायनान यांसारख्या कंपन्यांच्या देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटात साधारणपणे २० किलोची बॅग धरलेली असते. समजा, स्प्रिंगमध्ये बॅगेसाठी माणशी १०० युआन भरावे लागले, तर तेच तिकीट ४५० चे झाले आणि बड्या कंपनीचे माणशी २० युआनने, चौघांचे ८० युआनने स्वस्त ठरले. युआन साधारण १२-१३ रुपयांना धरला तरी हे हजार रुपये होतात. दोन आठवड्यांच्या प्रवासाला निघालेली चार ज्येष्ठ माणसे एकेका लहान बॅगेत भागवतील असे मला वाटत नाही. बॅग घ्यावी लागणार असेल तर ती तिकिटासोबतच घ्यावी, कारण विमानतळावर तिचा दर बराच चढा असतो.

आता ‘चारमध्ये’ या शब्दाकडे येते. हा गैरसमज आपल्याकडच्या बहुतेक प्रवाशांचा होतो. आपण सूट सांगताना कमी केलेला भाग सांगतो. ‘चाळीस टक्के सूट’ म्हटले की शंभरातले साठ द्यायचे, हे आपल्याला ठाऊक असते. चिनी भाषेतील रीत याच्या उलट आहे. तिथे द्यायचा भाग सांगतात आणि तोही दहा भागांच्या हिशेबात. ‘चार’ म्हणजे मूळ भाड्याच्या दहा भागांपैकी चार भाग द्यायचे, अर्थात साठ टक्के सूट. ‘नऊ’ म्हटले तर सूट फक्त दहा टक्के. त्यामुळे भाच्याच्या मित्राने ‘आठमध्ये मिळते’ असे सांगितले तर आनंदून जाऊ नये आणि ‘तीनमध्ये’ म्हणाला तर मात्र फार वेळ विचार करू नये. याला जोडून आणखी एक लक्षात ठेवावे की, चिनी ॲपवर ठळक अक्षरांत दिसणारा आकडा पुष्कळदा निव्वळ भाड्याचा असतो. त्यावर दर देशांतर्गत उड्डाणामागे ५० युआनचा नागरी विमान विकास निधी आणि इंधन अधिभार येतो. हा अधिभार ८०० किलोमीटरपर्यंतच्या आणि त्यापुढच्या अंतराला वेगवेगळा असतो आणि इंधनाच्या किमतीनुसार बदलत राहतो. दोन ठिकाणचे दर ताडून पाहताना शेवटच्या पानावरची, पैसे भरण्याआधीची एकूण रक्कमच पाहावी.

विमान कंपनीच्या इंग्रजी संकेतस्थळावर दर जास्त का दिसले, याचे उत्तर असे आहे की, एकाच विमानातील एकाच रांगेतील जागा वेगवेगळ्या भाडेगटांत विकल्या जातात आणि कोणता गट कोणत्या विक्रीमार्गावर ठेवायचा हे कंपनी ठरवते. चिनी कंपन्यांचे सर्वांत स्वस्त गट अनेकदा त्यांच्या चिनी ॲपवर आणि तिथल्या मोठ्या विक्रेत्यांकडे असतात, तर परदेशी ग्राहकांसाठीच्या इंग्रजी पानावर वरचे गट दिसतात. परदेशी प्रवाशाला सर्वांत सोयीचा मध्यममार्ग म्हणजे ट्रिप डॉट कॉम. शांघायमध्ये १९९९ साली सुरू झालेल्या सीट्रिप या मोठ्या चिनी कंपनीचेच हे आंतरराष्ट्रीय रूप आहे. तिथे इंग्रजीत व्यवहार होतो, पासपोर्टवर तिकीट निघते, परदेशी क्रेडिट कार्ड चालते आणि अडचण आली तर इंग्रजीत बोलणारे माणूस फोनवर मिळते. दर चिनी ॲपपेक्षा थोडे जास्त असू शकतात. तरीही तुमच्या वयोगटातील आणि चिनी भाषा न जाणणाऱ्या प्रवाशांनी तो थोडासा फरक सोसावा असे माझे स्पष्ट मत आहे. पैसे भरताना विमा, विश्रांतिकक्ष, जलद सेवा असे काही जोडले गेले आहे का ते पाहून नको असलेले काढून टाकावे.

भाच्याच्या मित्राने तिकिटे काढलेली चालतात. प्रवाशाच्या जागी तुमचे नाव आणि पासपोर्ट क्रमांक असला की पैसे कोणी भरले याला महत्त्व नसते. फक्त तीन गोष्टी त्याच्याशी आधी बोलून घ्याव्यात. पहिली, वेळ बदलल्याचे किंवा उड्डाण रद्द झाल्याचे संदेश त्याच्या चिनी मोबाइल क्रमांकावर जातील, तेव्हा ते त्याने लगेच तुम्हाला कळवले पाहिजेत. दुसरी, परतावा आला तर तो त्याच्याच खात्यात जाईल. तिसरी, तिकिटे त्याने स्वतः काढावीत. ‘ओळखीच्या माणसाकडून अजून स्वस्त मिळतात’ असे म्हणून कोणा तिऱ्हाइताच्या मैलांवर, म्हणजे विमान कंपनी नेहमीच्या प्रवाशाला बक्षीस म्हणून देते त्या गुणांवर, काढलेली तिकिटे घेऊ नयेत. ती कंपनीने रद्द केली तर विमानतळावर तुमच्या हाती काहीच राहत नाही. तिकीट खरोखर निघाले आहे याची खूण म्हणजे १३ आकडी तिकीट क्रमांक. त्याचे पहिले तीन आकडे कंपनी सांगतात : एअर चायनाचे ९९९, चायना ईस्टर्नचे ७८१, चायना सदर्नचे ७८४. सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे केवळ आरक्षणाची नोंद, तिकीट नव्हे.

यानंतरची गोष्ट मी जरा विस्ताराने सांगणार आहे, कारण मराठी माणसांचे पैसे आणि झोप या एकाच कारणाने सर्वाधिक जाताना मी पाहिली आहे. ते कारण म्हणजे नाव. आपल्या पासपोर्टवर आडनाव एका ओळीत असते आणि दुसऱ्या ओळीत स्वतःचे नाव व त्यापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव असते. काही वर्षांपूर्वी कुनमिंगच्या विमानतळावर आमच्या गटातील एका काकांचे तिकीट त्यांच्या एजंटाने फक्त पहिले नाव आणि आडनाव घालून काढले होते. पहाटेची वेळ होती. खिडकीपलीकडच्या तरुणीने पासपोर्ट उघडला, नावाच्या दुसऱ्या शब्दाखाली बोट ठेवले, पडद्याकडे पाहिले आणि पुन्हा त्याच शब्दावर बोट आणले. तिला इंग्रजी फारसे येत नव्हते आणि आम्हाला चिनी. तिने वरिष्ठांना बोलावले, त्यांनी फोन केले आणि शेवटी ते तिकीट सोडून देऊन पुढच्या विमानाचे पूर्ण भाड्याचे तिकीट घ्यावे लागले. काका दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. पहिल्या तिकिटावर वाचवलेल्या पैशांच्या तिप्पट रक्कम त्या एका न लिहिलेल्या शब्दापायी गेली.

म्हणून पासपोर्टवरील ‘सरनेम’च्या ओळीतील सर्व अक्षरे आडनावाच्या रकान्यात आणि ‘गिव्हन नेम’च्या ओळीतील सर्व शब्द नावाच्या रकान्यात घालावेत. चिनी यंत्रणेत आधी आडनाव, मग तिरपी रेघ आणि मग मधल्या मोकळ्या जागा काढून जोडलेले नाव अशी मांडणी होते. उदाहरणार्थ पासपोर्टवर आडनाव देशपांडे आणि नाव ‘सुमती माधव’ असेल तर तिकिटावर ‘देशपांडे/सुमतीमाधव’ असे छापून येते, त्यापुढे श्रीमतीची इंग्रजी खूणही चिकटलेली असू शकते. हे बरोबर आहे, घाबरू नये. तुम्ही आणि जाऊबाई यांनी आणखी एक पाहावे. आधारवर सासरचे नाव आणि पासपोर्टवर माहेरचे, असे आपल्याकडे पुष्कळदा असते. तिकिटासाठी फक्त पासपोर्ट प्रमाण मानावा. पासपोर्टचे नूतनीकरण करायचे असेल तर ते तिकिटांच्या आधी उरकावे, कारण तिकीट जुन्या क्रमांकाला जोडलेले राहिले की तो बदलून घेण्याची यातायात होते.

केव्हा काढावे, याबद्दल. आपल्याकडे तीन महिने आधी तिकीट काढणारा शहाणा समजला जातो. चीनच्या देशांतर्गत मार्गांवर हे तितकेसे लागू पडत नाही. फार आधी पाहिले तर अनेक मार्गांवर पूर्ण भाड्याच्या जवळचे दर दिसतात आणि सवलतीचे गट प्रवासाच्या महिनाभर आधीपासून उघडू लागतात. तुम्ही ९ ऑक्टोबरच्या तिकिटाचे दर ऑगस्टच्या अखेरीपासून आठवड्यातून दोनदा वहीत टिपून ठेवावेत आणि प्रवासाला दोन ते चार आठवडे राहिले असताना दर पटला की घ्यावे. त्याहून खाली जाण्याची वाट पाहत बसू नये. पहिल्या दिवसापासून चौघांसाठी शोध घेऊ नये. स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील तर चौघांसाठी शोधताना यंत्रणा चारही जागा वरच्या गटातल्या दाखवते. आधी एका प्रवाशासाठी दर पाहावा, मग चौघांसाठी. फरक दिसला तर दोन-दोनांची वेगवेगळी आरक्षणे करावीत. मंगळवार-बुधवारची आणि अगदी पहाटेची किंवा रात्री उशिराची उड्डाणे स्वस्त असतात. यांपैकी रात्री उशिराची तुम्ही टाळावीत असे मला वाटते. मेट्रो बंद झाल्यावर अनोळखी शहरात टॅक्सी शोधण्यात बचत तर संपतेच, जिवाची घालमेल होते ती वेगळी.

या सर्वांआधी व्हिसा हातात हवा. व्हिसा येण्यापूर्वी परतावा न मिळणारे एकही तिकीट घेऊ नये. चिनी कंपन्या तिकीट रद्द करण्याचे शुल्क टप्प्याटप्प्याने आकारतात. उड्डाणाला सात दिवसांहून अधिक अवधी असेल तर सर्वांत कमी, मग ४८ तासांपर्यंत, मग चार तासांपर्यंत वाढत जाणारे, असे हे टप्पे बहुतेक ठिकाणी असतात. अतिस्वस्त तिकिटात भाड्याचा मोठा भाग बुडू शकतो, परंतु विकास निधी आणि इंधन अधिभार तरी परत मिळतात, तेव्हा न वापरलेले तिकीट तसेच सोडून देऊ नये. व्हिसाच्या बाबतीत दुसरा इशारा हाँगकाँगचा. ग्वीलिन-हाँगकाँग-मुंबई असा स्वस्त मार्ग तुम्हाला कोणी सुचवला, तर हाँगकाँगला जाणे म्हणजे चीनमधून बाहेर पडणे हे लक्षात असू द्यावे. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा तिथे संपतो आणि तिथे शहरात उतरण्यासाठी भारतीयांना आगाऊ नोंदणी करावी लागते.

विमानतळाचे नाव तिकिटावर दोनदा वाचावे. बीजिंगला कॅपिटल आणि २०१९ साली सुरू झालेले डाशिंग, चेंगदूला श्वांगल्यू आणि २०२१ साली सुरू झालेले तियानफू, तर शांघायला पुडोंग आणि होंगचिआव अशी दोन-दोन विमानतळे आहेत. तुमचे आंतरराष्ट्रीय विमान पुडोंगला उतरेल आणि शिजियाझुआंगचे विमान कदाचित होंगचिआवहून सुटेल. ही दोन विमानतळे शहराच्या दोन टोकांना आहेत. डिसेंबर २०२४ पासून त्यांना जोडणारी रेल्वे चाळीस मिनिटांत पोहोचवते, तरीही त्याच दिवशी एका विमानातून दुसरे गाठायचे, असा बेत आखू नये. दोन्ही तिकिटे वेगवेगळी असल्याने पहिले विमान उशिरा आले तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबणार नाही आणि पैसेही देणार नाही. तुमच्या आराखड्यात मध्ये मुक्काम ठेवला आहे, तो याच कारणासाठी.

पैसे भरण्याची तयारी भारतातच करावी. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करावे लागतात, कारण नव्या कार्डांवर ते मुळात बंद असतात. व्हिसा किंवा मास्टरकार्डचे क्रेडिट कार्ड असावे, रुपे किंवा यूपीआयच्या भरवशावर जाऊ नये. तिकिटे निघण्यापूर्वीच काढून घ्यावीत, म्हणजे ओटीपीसाठी तिथे धावपळ होत नाही. तरीही एका फोनवर आंतरराष्ट्रीय रोमिंग ठेवावे. अलीपे हे पैसे भरण्याचे चिनी ॲप इथूनच उतरवून त्याला कार्ड जोडावे. तिथे २०० युआनपर्यंतच्या खर्चावर जादा शुल्क लागत नाही, त्याहून मोठ्या व्यवहारावर ३ टक्के लागते, त्यामुळे विमानाचे तिकीट अलीपेवरून न काढता थेट कार्डावर काढणे अनेकदा स्वस्त पडते. तुमची तिकिटे जीमेलवर आली असतील तर ती कागदावर छापून घ्यावीत. चीनमधील वायफायवर जीमेल उघडत नाही आणि हॉटेलात बसून स्वतःचेच तिकीट पाहता न येण्याचा मनस्ताप फार वाईट.

रेल्वेची तिकिटे साधारण १५ दिवस आधी खुली होतात. ती १२३०६ या सरकारी यंत्रणेवर पासपोर्टने काढता येतात, तिथे इंग्रजी पान आहे. ते जड वाटल्यास ट्रिप डॉट कॉमवर थोडे शुल्क देऊन काढावीत. शेवटच्या टप्प्यात ग्वांगझूला मुक्काम न करणे उत्तम, कारण १५ ऑक्टोबरपासून तिथे भरणाऱ्या व्यापारी जत्रेमुळे, जिला आपल्याकडचे व्यापारी कँटन फेअर म्हणतात, हॉटेलांचे दर चढलेले असतात. मात्र ग्वांगझू साउथ स्टेशन शहराच्या दक्षिणेला आणि बायून विमानतळ उत्तरेला आहे, म्हणून गाडी पोहोचण्याची वेळ आणि विमानाची वेळ यांत किमान सहा तास ठेवावेत.

विमानतळावर दोन तास आधी पोहोचावे. चेक-इन बहुतेक ठिकाणी ४५ मिनिटे आधी बंद होते आणि परदेशी पासपोर्टवर ऑनलाइन चेक-इन पुष्कळदा होत नाही, त्यामुळे खिडकीवरच जावे लागते. यजमानांना किंवा दिरांना चालण्याचा त्रास असेल तर चाकाची खुर्ची दोन दिवस आधी मागून ठेवावी. २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत ‘३सी’ हे चिनी प्रमाणन चिन्ह नसलेली पॉवर बँक नेता येत नाही. भारतात घेतलेल्या पॉवर बँकेवर हे चिन्ह सहसा नसते आणि सुरक्षा तपासणीत ती काढून घेतात. एकतर ती घरी ठेवावी किंवा शांघायला उतरल्यावर चिन्ह असलेली विकत घ्यावी. शाकाहारी जेवण हवे असल्यास किमान २४ तास आधी कंपनीला कळवावे लागते, आणि दोन तासांच्या विमानात ते मिळेलच असे नाही. सोलापूरच्या माणसाला मी हे सांगायला नको, पण कडक भाकरी आणि कोरडी शेंगा चटणी हातसामानात असू द्यावी. ती तपासणीत अडत नाही आणि चार दिवस टिकते.

शिजियाझुआंगला शहीद स्मशानभूमीच्या उद्यानात डॉ. कोटणीस आणि कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून या दोघांच्याही समाध्या आहेत. तिथे घाई करू नये. म्हणूनच १० तारखेला दुपारच्या विमानाचे किंवा गाडीचे तिकीट काढू नये, कितीही स्वस्त दिसले तरी. बीजिंगची गाडी ११ तारखेला सकाळी घ्यावी, त्या मार्गावर दिवसभर गाड्या असतात.

तुम्ही चौघांनी आपापल्या पासपोर्टवरील नावाच्या दोन ओळी, अगदी आहेत तशा, मला लिहून पाठवाव्यात. पासपोर्ट क्रमांक किंवा जन्मतारीख पाठवू नये. तिकिटावर त्या नावांची मांडणी कशी दिसायला हवी, ते मी उलट टपाली कळवते. तो कागद तिकीट काढताना भाच्याच्या मित्राला जसाच्या तसा पाठवावा.